एकटेपणाचा दाखला

ईश्वरी लोखंडेला निमखेड नगरपरिषदेच्या युवा निवासातली खोली क्रमांक नऊ मिळाली. पूर्वेला खिडकी, चालणारा पंखा, कपाटाला कुलूप आणि, ज्यावर तिचा स्वतःचाही विश्वास बसला नाही, त्या कुलपाला चावी.

आता हा परिच्छेद तुम्ही वाचलाच नाही असं समजा. नगरपरिषदेनंही त्याच आठवड्यात तसंच समजायचं ठरवलं, आणि नगरपरिषदेपुढं तुमचं-माझं काय चालणार?

तर, ईश्वरीला खोली मिळालेली नव्हती आणि खोलीची तिला फार गरज होती.

ती बालगृहात वाढली. बालगृहाचा नियम सरळ असतो. अठरा पूर्ण झाली की एक बॅग, एक छापील शुभेच्छापत्र आणि "येत जा गं अधूनमधून" एवढं हातात देऊन फाटक उघडतात. ईश्वरी फाटकाबाहेर आली तेव्हा समोर झोया मुलाणी स्कूटर घेऊन उभी होती. झोया तिची शाळेपासूनची मैत्रीण. भावाबरोबर ती विजेच्या दुचाक्या दुरुस्त करायचं वर्कशॉप चालवायची. "बस मागं," एवढंच ती म्हणाली, आणि तेव्हापासून ईश्वरी मुलाण्यांच्या घरात माडीवरच्या खोलीत राहत होती. सकाळी नर्सिंगचा कोर्स, संध्याकाळी झोयाच्या अम्मीबरोबर भाकरी.

पण आता झोयाच्या भावाचं, तौफिकभाईचं, लग्न ठरलं होतं. घरात जास्तीची खोली एकच, ती माडीवरची. ईश्वरीला कुणी जा म्हटलं नव्हतं. कुणी म्हणत नव्हतं हाच तर त्रास होता. अम्मीनं दोनदा माडीवर येऊन खिडकीचं माप घेतलं, पडद्यासाठी. दोन्ही वेळा ईश्वरीनं विचारलं, "कशाला हो अम्मी?" दोन्ही वेळा अम्मी म्हणाली, "असंच गं."

म्हणून ईश्वरी युवा एकात्मिक सहाय्य केंद्रात गेली.

हे केंद्र म्हणजे निमखेडचा अभिमान. पूर्वी तरुणांसाठी नगरपरिषदेत सात खिडक्या होत्या. नोकरी, निवारा, आरोग्य, समुपदेशन, व्यसनमुक्ती, कौशल्य आणि क्रीडा. माणूस एकीकडून दुसरीकडं जायचा आणि सातव्या खिडकीपर्यंत पोचला की तरुण राहिलेला नसायचा. मग एकात्मीकरण झालं. सातही खिडक्यांची मिळून एक खिडकी झाली. उरलेल्या सहा खिडक्यांतली माणसं आता ती एक खिडकी कुठं आहे ते सांगायला बसतात.

हे सगळं शक्य झालं ते एका पट्ट्यामुळं.

त्यामागचं विज्ञान खरं म्हणजे सुंदर होतं. आपलं हृदय घड्याळासारखं ठोके देत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर सतत कमीजास्त होत असतं, श्वासाबरोबर, विचाराबरोबर, भीतीबरोबर. आणि एकमेकांवर विश्वास असलेली दोन माणसं शेजारी बसली, की त्यांच्या ठोक्यांचे हे चढउतार हळूहळू जुळायला लागतात. आई आणि तान्हं मूल, जुने मित्र, वर्षानुवर्षं एका घरात राहून एकमेकांशी न बोलणारे नवरा-बायको, सगळ्यांत हे दिसतं. मनगटावरचा पट्टा हे चढउतार टिपायचा, आसपासच्या पट्ट्यांशी ताडून पाहायचा, आणि ज्याचे ठोके कुणाशीच जुळत नाहीत तो माणूस एकटा असं ठरवायचा. तज्ज्ञांचं म्हणणं, तरुणांच्या बहुतेक अडचणींच्या मुळाशी एकटेपणा असतो. मग सात विभाग सात गोष्टी कशाला मोजतात? एकच मोजा. शून्य ते शंभर. साठच्या वर गेलात तर यंत्र आपोआप एकटेपणाचा दाखला देईल आणि दाखला असेल तर सगळं मिळेल: खोली, समुपदेशक, बॅडमिंटनची रॅकेट. साठच्या खाली असाल तर तुम्हाला माणसं आहेत. ज्याला माणसं आहेत त्याला नगरपरिषद कशाला हवी?

नवा पट्टा कुणालाच ओळखत नसतो, त्यामुळं पहिल्या दिवशी ईश्वरीचा आकडा अठ्ठ्याण्णव आला. लगेच दाखला, लगेच खोली. (हे वाचलं नाहीत तुम्ही.) मग ती पट्टा घालून घरी गेली. झोयाच्या हातातही पट्टा होता, कारण तिनं कौशल्य योजनेतून वेल्डिंगचं यंत्र मागितलं होतं. त्या रात्री दोघी शेजारी बसून जेवल्या, तौफिकभाईच्या शेरवानीच्या रंगावर तोंड दाबून हसल्या, आणि ईश्वरीचा आकडा घसरत घसरत चौतीसवर येऊन थांबला.

खोली रद्द झाल्याचा संदेश आला. त्यात वर "अभिनंदन" असं लिहिलेलं होतं.

"अभिनंदन कशाबद्दल?" ईश्वरीनं खिडकीवर विचारलं.

खिडकीच्या आत पाचपुते मॅडम होत्या. "अगं, तुला सोबत आहे. चांगलंच आहे की. कितीजणांना नसते."

"मॅडम, सोबत आहे, पण खोली नाही."

"ते वेगळं मोजायची सोय नाही आता. एकात्मिक आहे सगळं." त्यांनी घड्याळ पाहिलं आणि शटर सोडलं. त्या शटरची स्प्रिंग कधीची तुटलेली. ते खाली यायचं ते तोफ उडाल्यासारखं. रांगेतले सगळे एकदम दचकले, मग सगळ्यांनी एकदम मोठ्ठा सुस्कारा टाकला, आणि सगळ्यांच्या तोंडून एकच शब्द बाहेर पडला. तो इथं छापण्यासारखा नाही.

ईश्वरी आत युवा समन्वय अधिकारी भालेकर साहेबांकडं गेली. भालेकर साहेब ऐकताना इतकी मान हलवायचे, की आपलं काम झालंच असं वाटायचं.

"बाळ, पट्टा काढून ठेवलास तर फाइल बंद होते, ते नको," ते म्हणाले. "मी सुचवू का? अधिकृत नाही हां. मैत्रिणीशी थोडं भांडून घे."

"भांडू?"

"जरासं. पंधरवडाभर. साठच्या वर गेलीस की खोली, आणि खोली एकदा ताब्यात आली की पुन्हा करा की मैत्री. नगरपरिषदेची काही हरकत नाही."

घरी येऊन तिनं हे झोयाला सांगितलं. झोया हसून हसून स्कूटरवरून खाली बसली. मग दोघींनी वर्कशॉपमध्ये भांडायला सुरुवात केली.

"तू माझा कंगवा वापरतेस!" ईश्वरी ओरडली.

"तू घोरतेस! गल्लीतली कुत्री उत्तर देतात तुला!"

"तुझ्या हातची बिर्याणी म्हणजे नुसता मसालेभात!"

"अम्मीला सांगू हे?"

इथं दोघींना हसू आवरेना. आकडा सव्वीस झाला. खोटं भांडणं म्हणजे एकाच नाटकात काम करणं, आणि त्यात ठोके जेवढे जुळतात तेवढे जेवतानासुद्धा जुळत नाहीत.

"असं नाही होणार," झोया डोळे पुसत म्हणाली. "काहीतरी खरं बोल."

म्हणून ईश्वरी खरं बोलली. "तुझी अम्मी पडद्याचं माप घेते आणि तू बघून न बघितल्यासारखं करतेस. मला स्वतःला जायला लावताय तुम्ही. म्हणजे तुम्ही चांगले ते चांगलेच राहाल."

झोयाचं हसू जागच्या जागी थांबलं. हातातला पाना तिनं अगदी हळू खाली ठेवला.

"मी तौफिकला महिनाभर सांगतेय की पुढची खोली पार्टिशन टाकून आपल्या दोघींना दे," ती म्हणाली. "तो नाही म्हणतोय. ते तुला कसं सांगायचं ते मला कळत नव्हतं. तुला मात्र बरं कळलं सगळं."

"झोया, तसं नाही गं..."

"जा. आकडा वाढव तुझा."

आकडा वाढला. झोया बोलायची बंद झाली, ईश्वरी जेवायला खाली उतरायची बंद झाली, आणि पुढच्या आठवड्यात आकडा त्रेसष्टवर गेला. आता ती खरोखरच एकटी होती, आणि त्या एकटेपणाला नगरपरिषदेची मान्यतासुद्धा होती. ईश्वरी दाखला घ्यायला रांगेत जाऊन उभी राहिली.

रांग म्हणजे काय, तर निमखेडची निम्मी तरुणाई. एका खिडकीत सात विभाग बसवल्यावर रांगेचं जे व्हायचं ते झालं होतं. पहिल्या दिवशी नंबर लागायच्या आधी जेवणाची सुट्टी झाली. धडाम. सगळे दचकले, सुस्कारा, शब्द. दुसऱ्या दिवशी सर्व्हर बंद. धडाम. मग चहा. धडाम. मग सर्व्हर चालू झाला, पण मॅडम बाहेर होत्या, म्हणून मध्येच उघडलेलं शटर शिपायानं पुन्हा सोडलं. धडाम. तिसऱ्या दिवशी अखेर ईश्वरीचा नंबर लागला.

"त्रेसष्ट कुठं?" पाचपुते मॅडम म्हणाल्या. "एकोणीस आहे तुझा."

"एकोणीस? मॅडम, माझ्याशी घरात कुणी बोलत नाही!"

"घरातलं नाही म्हणत हे. जवळची माणसं बघ किती दाखवतंय. सगळ्यात जवळचा कोण, तर प्रथमेश खिलारे. लग्नबिग्न ठरलंय का?"

"कोण प्रथमेश खिलारे?"

"मी," मागून आवाज आला.

रांगेत तिच्यामागं एक उंच पोरगा होता आणि त्याच्या हातात दोरी होती. दोरीच्या दुसऱ्या टोकाला बकरी होती. शेळीपालनाच्या योजनेसाठी "शेळी असल्याचा पुरावा" मागितला होता, आणि फोटो चालत नाही असं त्याला सहापैकी एका खिडकीत सांगितलं होतं, म्हणून तो रोज पुरावा घेऊन यायचा.

"तुझ्याशी मी एक शब्द तरी बोलले का रे?" ईश्वरीनं विचारलं.

"नाही बुवा. आणि माझा तर पट्टापण हातात नाही." त्यानं मनगट दाखवलं. कातडी लालबुंद झाली होती. "खाज सुटते. म्हणून हिच्या, मैनाच्या, पायाला बांधलाय. काढून ठेवला तर फाइल बंद होते ना."

ईश्वरीनं मैनाकडं पाहिलं. मैनानं ईश्वरीकडं पाहिलं. नगरपरिषदेच्या मते या दोघींचं जगात एकमेकींवाचून कुणी नव्हतं.

ईश्वरी शेवटी नर्सिंगची विद्यार्थिनी होती. तिनं दोन बोटं प्रथमेशच्या मनगटावर ठेवली, दुसऱ्या हाताची मैनाच्या मांडीच्या आतल्या बाजूला, आणि वाट पाहत उभी राहिली. फार वाट पाहावी लागली नाही. पाचपुते मॅडमना फोन आला. धडाम. दोन्हीकडची नाडी एकदम उसळली आणि एकदमच उतरली. तिची स्वतःची छातीसुद्धा.

तेव्हा तिला सगळं कळलं. दोन घड्याळं एका तालात चालत असतील, तर ती एकमेकांचं ऐकतात असं नाही. दोघं एकाच तोफेला दचकत असतील. यंत्राला ठोके जुळलेले दिसत होते, पण ते कशानं जुळले ते दिसत नव्हतं. माया आणि वैताग या दोन गोष्टी मनगटावर सारख्याच दिसतात. दिवसातून दहा वेळा ते शटर पडायचं आणि दहा वेळा सबंध रांग एकजीव होऊन वैतागायची. अशा रांगेत तीन दिवस उभा राहिलेला माणूस पुन्हा कधी एकटा राहणार?

तिनं आपलाही पट्टा मैनाच्या दुसऱ्या पायाला बांधून पाहिला. तासाभरात आकडा चारवर आला. ईश्वरी आणि प्रथमेशचे ठोके एकमेकांशी तंतोतंत जुळत असून असं नातं राज्यात कुठंही आढळलेलं नाही, असा संदेश दोघांना आला. तिनं पट्टा काढून निमूटपणे परत आपल्या मनगटावर घातला. दोन दिवसांत आकडा पुन्हा एकोणीसवर आला आणि तिथंच चिकटून बसला.

भालेकर साहेबांनी सगळं ऐकलं. मान हलवत हलवत ऐकलं.

"शटर," ते म्हणाले.

"हो साहेब. ते दुरुस्त केलं की खोटे आकडे जातील. रांगेतल्या कुणालाच काही मिळत नाहीये. सगळे एकटे आहेत आणि सगळ्यांची माणसं म्हणून एकमेकांची नावं लागलीत."

"बाळ, शटर बांधकाम विभागाकडं येतं. बांधकाम विभाग एकात्मिक झालेला नाही. तक्रार नोंदवावी लागेल."

"कुठं?"

"खिडकीवर." मग ते जरा पुढं झुकले. "आणि एक सांगू? घाई करू नये असं माझं मत. सर्वांत कमी एकटेपणाचं शहर म्हणून आपली निवड झालीय. सत्कार आहे. समुपदेशकाची जागा आपण रद्द केली, कारण कामच उरलं नाही. रांग चालू राहणं शहराच्या हिताचं आहे."

"साहेब, पुढच्या आठवड्यात मी कुठं झोपू?"

भालेकर साहेबांनी या वेळी मान हलवली नाही. त्यांनी खरोखर विचार केला, आणि हेच जास्त भयंकर होतं. "रांगेत कुणाकडं सोय नाही का होणार?" ते म्हणाले. "इतकी जवळची माणसं आहेत तुझी."

बाहेर येऊन ईश्वरी पायरीवर बसली. रडावंसं वाटत होतं, पण पट्ट्यानं त्यातही कुणाची तरी साथ शोधली असती. निमखेडमध्ये ते शटर न विचारता, तक्रार न नोंदवता दुरुस्त करू शकेल असं एकच माणूस तिला माहीत होतं.

झोया वर्कशॉपमध्ये एका स्कूटरची बॅटरी उघडून बसली होती. तिनं वर पाहिलं नाही.

"कशाला आलीस? आकडा कमी होईल तुझा."

"एक शटर दुरुस्त करायचंय."

"मला वाटलं माफी मागायला आलीस."

"ती पण मागते. पण आधी शटर. जेवणाच्या सुट्टीतच होईल."

झोयानं पाना बाजूला ठेवला. "माफी कधी, चहाच्या सुट्टीत?"

"मी चुकीचं बोलले, झोया. म्हणजे माप घेतलं होतं ते खरंच. पण तू बघत नव्हतीस हे खोटं. तू माझ्यासाठी भांडत होतीस आणि मी तुझ्याशी भांडत होते."

"हे पाठ करून आलीस का?"

"रिक्षात."

"कळतंय," झोया म्हणाली आणि हत्यारांची पेटी उचलली.

जेवणाच्या सुट्टीत झोया शिडीवर चढली. ईश्वरीनं शिडी धरली. रांगेनं गुपचूप जागा करून दिली. शटर अर्धं वर उचललं, तर आत पाचपुते मॅडम डबा खात होत्या. त्यांनी वर पाहून विचारलं, "बांधकाम विभाग का?" झोया म्हणाली, "हो." मॅडम म्हणाल्या, "आश्चर्य आहे," आणि लोणच्याची बाटली उघडली. झोयानं जुनी स्प्रिंग काढली, स्कूटरची एक जाड स्प्रिंग तिथं बसवली, शटरच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत ग्रीस भरलं.

"घट्ट धर गं," ती वरून म्हणाली. "पडले तर तौफिकच्या लग्नात प्लास्टर घालून नाचेन."

"नाहीतरी तू नाचतेस म्हणजे प्लास्टर घातल्यासारखंच नाचतेस."

झोया शिडीवर हसली तशी शिडी हलली, आणि ईश्वरीनं ती दोन्ही हातांनी छातीशी आवळून धरली.

त्या दुपारपासून शटर साजूक तुपावरून सरकल्यासारखं खाली यायला लागलं. इतकं हळू आणि इतकं बिनआवाज, की खिडकी बंद झालीय हे रांगेला कळायचंच नाही. बराच वेळ सगळे शटरकडं आशेनं पाहत उभे राहायचे. कुणी दचकेना, कुणी सुस्कारेना. प्रत्येकजण आपापल्या वेळी, आपापल्या कारणानं वैतागू लागला. हळूहळू रांगेतली सगळी नाती तुटली. सत्कार रद्द झाला. भालेकर साहेब म्हणे दोन दिवस कुणाचंच ऐकताना मान हलवत नव्हते.

आणि आठवडा संपताना, संध्याकाळच्या मोजणीत सबंध रांगेला एकटेपणाचे दाखले मिळाले. युवा निवासातल्या सगळ्या खोल्या भराभर वाटल्या गेल्या. खोली क्रमांक नऊ, पूर्वेला खिडकी असलेली, प्रथमेश खिलारेच्या पट्ट्याला मिळाली. पट्टा मैनाच्या पायात होता आणि ज्याच्या अंगावर पट्टा त्याचाच ताबा असा नियम होता. मैना आता तिथं राहते. प्रथमेशला रात्री तिच्याबरोबर थांबायची परवानगी अजून आलेली नाही.

ईश्वरीचा आकडा सात आला.

तिनं तो खिडकीवर तीनदा तपासून घेतला. रांगेतलं एकही नाव तिच्या यादीत उरलं नव्हतं. शटरचा आवाज नव्हता, दचकणं नव्हतं, नाटक नव्हतं. एकच नाव होतं, जेवणाच्या सुट्टीतलं, शिडीवरचं. या वेळी यंत्र अजिबात चुकलं नव्हतं.

"मग आता?" बाहेर स्कूटरवर बसलेल्या झोयानं विचारलं.

"आता काही नाही. सबंध निमखेडमध्ये एकटी नसलेली मी एकटीच."

"बस मागं."

"माडी उद्या रिकामी करायचीय, झोया."

"ठाऊक आहे. बस तरी."

ईश्वरी बसली नाही. ती पायरीवर टेकली, बॅगेतून कागद काढला आणि लिहायला लागली. झोया खांद्यावरून वाचत राहिली. "गळतं असं लिही," ती मध्येच म्हणाली. "सर्दी झाली की माझं नाक गळतं. दुरुस्ती त्यांच्यावर येऊ दे." ईश्वरीनं लिहिलं. कागद घेऊन ती आत गेली, तेव्हा खिडकी बंद झालीय हे तिला कळलंच नाही. ती बराच वेळ तो शटरपुढं धरून उभी होती.

प्रति,
मा. युवा समन्वय अधिकारी,
निमखेड नगरपरिषद.

विषय: मैत्रिणीस निवासस्थान म्हणून मान्यता मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, कु. झोया मुलाणी ही व्यक्ती उपलब्ध असल्याच्या कारणावरून अर्जदारास निवारा नाकारण्यात आलेला आहे. सबब, सदर व्यक्ती हाच निवारा आहे असे नगरपरिषदेचे मत असल्याचे दिसून येते. अर्जदाराचेही मत तेच आहे. तरी कु. झोया मुलाणी यांची अर्जदाराचे कायमस्वरूपी निवासस्थान म्हणून नोंद घेण्यात यावी, त्यांना घर क्रमांक देण्यात यावा, त्यांचा ताबा लेखी स्वरूपात अर्जदाराकडे सोपवण्यात यावा, त्यांना पूर्वेकडून एक खिडकी काढून देण्यात यावी, आणि पावसाळ्यापूर्वी त्यांच्या गळतीची दुरुस्ती नगरपरिषदेच्या खर्चाने करण्यात यावी, ही नम्र विनंती.